सात नंबरांची हजेरी

आमचे वडील एसटी स्टँडवर कंट्रोलर व्हते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे दिवसभर माईकवर सांगायचं, ही त्यांची नोकरी. बोलायचे नाकातनं, आणि गावाचं शेवटचं अक्षर असं ओढायचे की गाडी फाट्यावर पोचली तरी गाव संपायचं न्हाय. सहावीत असताना एकदा ते माईक सोडून लघवीला गेले. मी खुर्चीत बसलो आणि त्यांच्या आवाजात बार्शी गाडी फलाट एकवरनं पाचवर नेली. आमच्या स्टँडला पाचवा फलाटच न्हाय. तरी दोन मिनिटांत सगळी माणसं पिशव्या घिऊन मुतारीच्या भिंतीपर्यंत पोचली, आणि आतनं बाहेर येणाऱ्या वडलांनाच विचारायला लागली, "साहेब, आत्ताच तुमी सांगितलं की, गाडी कुटं हाय?"

वडील त्या दिवशी मला जे बोलले ते आजबी जसंच्या तसं करून दाखवता येतं. पण वाचणाऱ्यांत बायामाणसं असतील, म्हणून ऱ्हाऊ द्या.

आता मी सोलापुरात निवेदन करतो. लग्नं, हळदी, गॅदरिंग, नगरसेवकांचे वाढदिवस. लोक विचारत्यात, ही नक्कल कुणी शिकवली रे तुला? शिकवली कुणीच न्हाय. पण एका माणसानं ती दुरुस्त केली, त्या माणसाबद्दल हे लिहितोय.

आमच्या शाळेचे गुर्जी. सोलापूरच्या नैऋत्येला जो कोरडा तालुका हाय, त्यातल्या मेंढपाळांच्या घरातला हा माणूस. त्यांच्या माणसांतनं पहिला मॅट्रिक, पहिला मास्तर, आणि इकडनं विधानसभेत जाऊन बसलेला पहिला आमदार. शाळा त्यांनीच काढली. मी आठवीत गेलो तवर ते रिटायर होऊन जमाना झाला व्हता, पण आमच्या वर्गाला मास्तर मिळंना म्हणून रोजचा पहिला तास आणि हजेरी ते स्वतः घ्यायचे. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन का करत न्हाय म्हणलं की म्हणायचे, "वसतिगृह मंजूर हू दे, मंग करू. तवर आवाजावर भागतंय."

त्यांनी मला पहिल्यांदा पकडलं ते असं. ते यायच्या आधी मी त्यांच्या खुर्चीत बसून चालू केलेलं, "बाळांनो, बसा. बसा म्हणलं की बसायचं असतं, विचार करत उभं ऱ्हायचं न्हाय." एकदम अख्खा वर्ग उभा राहिला. मला वाटलं माझ्यासाठी. मागं वळून बघतो तर दारात गुर्जी.

"पुन्यांदा कर," गुर्जी म्हणाले.

मी परत केलं, खोकल्यासकट.

"खोकला चुकला," ते म्हणाले. "तू 'बाळांनो'च्या नंतर खोकलास. माजा खोकला आधी येतो. खोकताना पुढचं काय बोलायचं त्ये जुळवून घ्यायला येळ मिळतो. सभागृहात शिकलोय ती युक्ती. ऊठ आता, खुर्ची गरम झाली असंल."

एवढंच. कान बी न्हाय, छडी बी न्हाय. घरी येऊन मी आरशासमोर खोकला आधी घालून बघितला, तर खरंच गुर्जी उभे राहिले. त्या दिवसापासनं मी त्यांना निस्तं ऐकायचो न्हाय, पाठ करायचो. त्यांचं आयुष्य मला असंच पाठ झालं, त्यांच्याच आवाजात.

लहानपणी त्यांच्या आईबापाचं घर म्हंजी मेंढरामागचं बिऱ्हाड. दिवाळी झाली की कळप घिऊन निघायचं ते पार पाऊस लागायच्या टायमाला परत. वाटंत एखाद्या शेतकऱ्याच्या रानात आठ दिवस मेंढरं बसवायची. लेंडीखत त्याला, धान्य यांना. मुक्कामाच्या प्रत्येक गावात त्यांची आय सकाळी त्यांना शाळेच्या दाराशी न्यायची आणि म्हणायची, "आट दीस हाव आमी हितं, बसू द्या ह्याला." काही मास्तर बसू द्यायचे, ते बी व्हरांड्यात. वर्गातली पोरं म्हणायची, मेंढराचा वास येतोय. गुर्जी सांगायचे, "वास येत व्हता त्ये खरंच हाय की. पण व्हरांड्यात वारं असायचं, त्यामुळं मास्तरचा आवाज मलाच जास्त ऐकू यायचा."

अशा त्यांनी मोजून एकोणीस शाळा केल्या. अडचण अशी की प्रत्येक शाळेत पहिल्या धड्यापासनं सुरुवात. "पयला धडा मला एवढा पाठ व्हता की पुस्तकवाल्यालाबी नसंल," ते म्हणायचे. मंग जेऊरकडच्या एका गावातल्या मास्तरांनी डोकं लावलं. निघताना पोराच्या हातात चिठ्ठी दिली: ह्याचे सहा धडे झालेत, पाढे बारापर्यंत येतात, पुढचं घ्यावं. ती चिठ्ठी सदऱ्याच्या कोपऱ्यात गाठ मारून पुढच्या गावी. तितल्या मास्तरनं वाचली, दोन धडे पुढं नेलं, खाली आपली ओळ लिहिली. त्या एका कागदावर हा माणूस चौथी झाला.

आमदार ते एकदाच झाले. सभागृहातल्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. घरचं 'हाय न्हाय' जाऊन एकदम 'आहे नाही' यायचं, मान ताठ व्हायची. तितं त्यांचं नाव झालं ते मोजण्यावरनं. मेंढपाळाला कळप एका नजरंत मोजता येतो. सभागृह चालायला ठराविक सदस्य हजर लागत्यात, त्याला गणपूर्ती म्हणत्यात. जेवण झाल्यावर सगळे इकडं तिकडं पांगले की हे उभे. "अध्यक्ष महाराज, गणपूर्ती नाही." मोजून बघितलं की खरंच दोन-तीन कमी निघायचे. कँटीनमधनं आमदारांना पळत यावं लागायचं. गुर्जी म्हणायचे, "मेंढरं बरी. त्येंना चहा लागत न्हाय."

एक गोष्ट मात्र ते हसत सांगायचे न्हाईत. फिरत्या लोकांच्या पोरांची शाळेत हजेरी किती, असा त्यांनी प्रश्न टाकलेला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं, पूर्ण हजर. गुर्जी उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, त्यातली निम्मी मुलं मी परवा रस्त्यानं मेंढरांमागं बघितली. हजर आहेत ती फक्त रजिस्टरात." सभागृह हसलं, पेपरात आलं. पुढं चौकशी लागून एका गरीब मुख्याध्यापकाची लांब बदली झाली. हितं आलं की गुर्जी फळ्याकडं वळायचे. खडू हातात फिरवायचे आणि म्हणायचे, "काडा वह्या."

पुढची निवडणूक पडले. निकाल शनिवारी लागला आणि सोमवारी ते वर्गात फळा पुसत व्हते. म्हातारी माणसं सांगत्यात, त्या दिवशी कुणाला काय बोलावं कळंना, तर हेच म्हणाले, "मंग, कुटवर आलता तुमी?"

तवापासनं एकच नाद. फिरत्या पोरांसाठी शाळेला वसतिगृह. आईबाप मेंढरं घिऊन जाऊ देत, पोरं हितं ऱ्हाऊन शिकतील. अर्जामागं अर्ज. मी जन्मायच्या आधीपासनं.

आता माझं कर्तृत्व सांगतो.

आठवीत आमच्या वर्गात अशी सात पोरं व्हती. बाकीची पाचवी-सहावीतच गळायची. आठवीपर्यंत टिकलेली ही सातच, आणि गुर्जींची सगळी मागणी ह्या सातांवरच उभी व्हती. दिवाळीनंतर त्यांची निघायची वेळ आली. कुणीतरी उठवलेलं की महिनाभर गैरहजर राहिलं की पटावरनं नाव कापत्यात. सातही जण स्टँडमागच्या लिंबाखाली मला भेटायला आले. त्यात चौदा नंबर व्हती. (आमची हजेरी नंबरानं व्हायची, आणि नाव न्हाय घ्यायचं म्हणलं तर मला नंबरच सोयीचा पडतोय.) ती गणितात वर्गात पहिली. हिशेब फळ्यावर लिहून व्हायच्या आत उत्तर, आणि उत्तर दिल्यावर अशी बघायची की आपणच उशीर केला असं वाटावं.

"तुला आवाज काडता येत्यात न्हवं?" ती म्हणाली. "मंग आमचे काड. आमी येस्तोवर हजेरी द्याची."

"सातांची? मी काय रेडिओ हाय?"

"आमचा बा म्हणलाय, ह्या सालाला नाव टिकलं तर पुढचं बगू. कापलं तर मेंढरंच. आणि मंग..." मंग काय ते तिनं सांगितलं न्हाय. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न नववीत झालेलं, ते आमा सगळ्यांना म्हाईत व्हतं.

"देतो की," मी म्हणलं. लई मोठा उपकार करत असल्यासारखं.

आणि दुसऱ्या दिवसापासनं चालू. गुर्जी टेबलावर वाकून, रजिस्टर नाकाला लावून नंबर पुकारायचे. समोर बघून बी त्यांना निस्ती भुरकट डोकी दिसायची. तीन नंबर बसका, त्याला मी हनुवटी छातीला लावायचो. सातला बारमाही सर्दी. नऊ मेंढरं हाकल्यासारखं वरडायचा, त्याच्यासाठी खिडकीकडं तोंड. चौदा 'हजर' एवढंच म्हणायची, 'सर' म्हणायला तिला वेळ नसायचा. बावीस-तेवीस चुलतभाऊ, बावीसचं 'सर' संपायच्या आत तेवीस घुसायचा, ते जमवायला मला दोन दिवस लागले. एकतीस झोपाळू, त्याचा नंबर दोनदा घ्यावा लागायचा. मी पहिल्यांदा गप बसायचो. गुर्जी वैतागून दुसऱ्यांदा म्हणायचे, मंग जांभई देत 'हजर'. पोरं बाकाखाली तोंड घालून मरायची. खिचडीवाल्या मावशींना पत्ता लागलेला, पण त्या तोंडं बघून वाढायच्या, रजिस्टर बघून न्हाय.

मला काय वाटत व्हतं ते खरं सांगतो. लई भारी वाटत व्हतं. मैत्री बी आणि मजा बी, आणि समोर असा माणूस ज्यानं सभागृह मोजलं, त्याला मी सात डोकी जास्त मोजायला लावत व्हतो. तो आंधळा हाय म्हणून जमतंय, हे मनात यायचं. मी ते परत आत ढकलायचो.

गुर्जी मात्र खूश. शाळेत कोण आलं की सांगायचे, "ह्या वर्साला मेंढरांच्या वाडेवाल्यांनी ऐकलं. पोरं मागं ठेवली. आठवीत सात हायती, सात बी रोज हजर." सांगताना हाताची सात बोटं वर करायचे. मी खाली बघायचो.

फेब्रुवारीत शिक्षण खात्याचे साहेब आले, वसतिगृहाच्या मागणीची पाहणी करायला. आमचा वर्ग आणि ऑफिस यांच्यात भिंत न्हवती, दोन कपाटं पाठीला पाठ लावून उभी केलेली. हजेरी नुकतीच झालेली. गुर्जी आमाला स्वाध्याय देऊन तिकडं गेले आणि आमी पेन हातात धरून ऐकत बसलो.

पानं उलटल्याचा आवाज येत व्हता. मंग साहेब म्हणाले, "गुरुजी, नोव्हेंबरपासनं बघतोय. एकही मुलगा गैरहजर नाही. स्थलांतर कुठं दिसतंय यात?"

"नाही गेली मुलं यंदा," गुर्जी म्हणाले. आवाज सभागृहाचा, पण आत आनंद. "मलाही नवल वाटलं."

"मग वसतिगृह कुणासाठी मागताय तुम्ही?"

खोकला आला. लांबलेला. मी आजवर त्यांचे जेवढे खोकले पाठ केलते त्यात हा न्हवता.

"बरोबर आहे तुमचं," गुर्जी म्हणाले. "गरज नसेल तर मागू नये. दुसऱ्या तालुक्यातल्या पोरांना द्या. माझी मागणी बंद केली असं लिहा."

अख्खा वर्ग माझ्याकडं बघत व्हता. कुणी हसत न्हवतं. मला चौदा नंबर दिसली, करकंबच्या रानात कुठंतरी, आपलं नाव जिवंत हाय ह्या भरवशावर. आणि हितं तिच्या 'हजर'नंच तिची शाळा बंद केलेली. नाव राखायला सांगितलेलं, मी तिची जागाच घालवली.

मी उठलो आणि कपाटांच्या बाजूनं ऑफिसात गेलो.

"गुर्जी, ती हजेरी मी दिलीया."

"कसली?"

"सातांची. ती सगळी मेंढरामागं गेल्यात. दिवाळीपासनं."

साहेब हसले. चांगला माणूस व्हता, वयानं बी फार न्हाय. "बाळ, तीन महिने? सात जणांची? वर्गात जाऊन बस."

गुर्जी हसले न्हाईत. त्यांनी टेबल चाचपून रजिस्टर ओढून घेतलं. "कपाटाकडं तोंड कर," मला म्हणाले. मंग पुकारलं, "तीन."

मी हनुवटी छातीला लावली. "हजर सर."

"सात." "नऊ." नवाला साहेब दचकले, पेनाचं टोपण खाली पडलं. पलीकडनं वर्गात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप झालं.

"चौदा."

"हजर."

गुर्जी पुढं गेले न्हाईत. मी कपाटाच्या पत्र्याकडं बघत उभा.  मंग परत, पण नंबर पुकारल्यासारखं न्हाय, हाक मारल्यासारखं, "चौदा?"

मी तोंड कपाटाकडनं गुर्जींकडं वळवलं.

"कुटं हाय ती?" गुर्जींनी विचारलं.

"करकंबच्या बाजूला. उसाच्या पट्ट्यात."

"आणि बाकीची?"

मी म्हाईत व्हती तेवढी गावं सांगितली. गुर्जी मान हलवत ऐकत व्हते. मला वाटलं आता कान पकडतील, आणि मला तेच पाहिजे व्हतं. त्यांनी निस्तं विचारलं, "मला दिसत न्हाय म्हणून जमलं, व्हय?"

"व्हय."

"हं," ते म्हणाले. ह्या 'हं'ची नक्कल मी कधी केली न्हाय. येत न्हाय असं न्हाय.

साहेब आता गंभीर झाले. कपाटांकडं एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, खोटी हजेरी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. मी हे ऐकलं नाही असं समजू. पुढच्या वर्षी व्यवस्थित रजिस्टर ठेवा, तेव्हा बघू."

"पुढच्या वर्षी ती पोरगी नसंल शाळेत," गुर्जी म्हणाले. आता सभागृहाचा आवाज गेलेला. "लाल पेन हाय का तुमच्याकडं?"

"काय करताय?"

"लिवून देतो की."

पेन घिऊन ते रजिस्टरावर वाकले. दिसत न्हवतं, अक्षर ओळ सोडून वर-खाली गेलं, म्हणून मला म्हणाले, "बोट ठेव ओळीवर." मी बोट ठेवलं आणि त्याच्या कडंनं त्यांनी लिहिलं. दिवाळीपासून आजपर्यंत ह्या सात विद्यार्थ्यांची हजेरी चुकीची आहे. ते स्थलांतरित आहेत. मी प्रत्यक्ष न पाहता आवाजावर हजेरी घेतली. चूक माझी आहे. खाली सही. माझा नंबर कुठं बी न्हाय.

"गुरुजी, तुम्ही माजी आमदार," साहेब म्हणाले. "हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. एका मास्तरचं मी बी एकदा बाहेर काडलं व्हतं. त्येचा दोष तरी काय व्हता, तपासायला कोण गेलतं?"

साहेबांनी ते पान मोबाईलवर टिपलं आणि वर्गात येऊन सात रिकाम्या जागा स्वतः मोजल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, का ते त्यांनाच म्हाईत.

बाहेर गेलंच. आठवड्यात एका पेपरात चौकट आली, माजी आमदाराच्या शाळेत खोटी हजेरी. स्टँडवर गुर्जी उतरले की पानटपरीवरनं कुणीतरी 'हजर सर' म्हणायचं. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मीटिंगमधी त्यांना चिटणीसपद सोडायला लावलं. त्यांनी त्याच दुपारी मला बोलावलं. मला वाटलं आता आलं. तर म्हणाले, "पेपरातलं वाच. मला दिसत न्हाय."

मी रडव्या आवाजात वाचायला लागलो.

"असं रडक्यावानी न्हाय. त्या मंत्र्याच्या आवाजात वाच, मी दाखवला व्हता त्यो."

मी मंत्र्याच्या आवाजात वाचलं. गुर्जी खुर्चीत मागं रेलून ऐकत व्हते. संपल्यावर म्हणाले, "बरोबर लिवलंय. एक वाक्य बी खोटं न्हाय."

त्या रविवारी ते मला घिऊन करकंबला गेले. साहेबांनी सांगितलेलं, पोरं कुठं हायती ते ठिकाणासकट कळवा, मी अहवालाला जोडतो. आमी एसटीनं गेलो, मंग विचारत विचारत रानातनं. चौदाचं बिऱ्हाड तुटलेल्या उसाच्या एका खोडव्याच्या कडंला उतरलेलं. तिचा बाप घोंगडं टाकून म्हणाला, "या मास्तर. आमच्या पोरीची हजेरी लावली म्हणं तुमी, हितनंच?"

"लावली की," गुर्जी खाली बसत म्हणाले. "लांबचं दिसत न्हाय म्हणत्यात मला, आणि बघा, करकंबपर्यंतचं दिसलं."

बाप हसला. चौदा नंबर माझ्याकडं बघून हसली न्हाय. बाजूला घिऊन म्हणाली, "तुला बोलायला कुणी सांगितलं?"

"तुझं वसतिगृह बंद व्हत व्हतं."

"आणि गुर्जींचं नाव गेलं त्येचं काय?"

मी बांधावरचं ढेकूळ पायानं फोडत ऱ्हायलो. ती शेरडं वळवायला गेली.

तिकडं गुर्जी बापाला म्हणत व्हते, "एक साल दे मला. वसतिगृह झालं तर पोरगी ठेव. न्हाय झालं तर मी परत तोंड दाखवत न्हाय."

"मास्तर, तुमी तोंड न्हाय दाखवलं तर आमच्यात दुसरं कोण हाय दाखवायला?" बाप म्हणाला. "पण शेरडं कोण बघणार, ह्ये बी सांगा."

"त्ये तू बघ. मी पोरगी बघतो."

निघताना गुर्जींनी माझ्याकडनं एक चिठ्ठी लिहून घेतली आणि करकंबच्या शाळेत दिली: हिचं गणित वर्गाच्या पुढं आहे, भाषा मागं, त्याप्रमाणं घ्यावं. उरलेल्या सहांच्या गावी बी आमी असंच गेलो, दर रविवारी एक. मला शिक्षा म्हणून काय मिळालं असंल तर हे सात रविवार. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सहल.

मंजुरी दिवाळीच्या तोंडावर आली. दोन खोल्या, चौदा खाटा, एक स्वयंपाकीण. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते आमाला कधी कळलं न्हाय, पण ते लाल शाईचं पान त्याला जोडलेलं व्हतं एवढं म्हाईत हाय. गुर्जींना चिटणीसपद परत मिळालं न्हाय. त्यांनी मागितलं बी न्हाय. डोळ्यांचं ऑपरेशन केलं आणि आणखी काही वर्षं रोज पहिला तास घेतला. गेल्या थंडीत ते गेले. माझं आज जे काय चाललंय, माईकसमोर उभं ऱ्हायचं धाडस म्हणा, नक्कल कुठं थांबवायची ते म्हणा, त्यात त्यांचा हात हाय. हे त्यांच्यासमोर कधी बोललो न्हाय, कारण ते म्हणाले असते, "काड वही."

वसतिगृहाचा पहिला दिवस मात्र सांगून टाकतो. सुट्टीचा वार व्हता. सकाळी कळप शाळेवरनंच निघाला. चौदा नंबर पत्र्याची पेटी घिऊन फाटकात उभी. आईनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि मागं न बघता बिऱ्हाड लादलेल्या घोड्याचा कासरा धरून चालू लागली. बाप म्हणाला, "पाऊस लागायच्या टायमाला येतो," आणि तो बी निघाला. राहिलं ते कुत्रं. ते तिच्या पायाशी बसून राहिलं, हलंना. रस्त्यावरनं बापानं शीळ घातली, तरी न्हाय. तिनं पुचकारलं, ढकललं, तर ते परत येऊन बसलं. मंग तिनं एक खडा उचलला आणि त्याच्यावर अशी वरडली की मीच दोन पावलं मागं सरलो. कुत्रं उठलं. थोडं जाऊन थांबलं, बघितलं, आणि कळपाच्या धुळीत पळत गेलं.

तिनं खडा टाकला, हात परकराला पुसला, पेटी उचलली.

"हितं जेवण किती वाजता असतंय?" तिनं विचारलं.

"साडेबाराला."

"मंग गणिताचं एक प्रकरण व्हईल की तवर," ती म्हणाली आणि आत गेली.